वाघाची माय आन मोहाचं झाड

नाई नाई नाई, बाकी काईबी सांगा मले, वरातीत उलटं चालाले सांगा, तेरवीच्या पंगतीत हासवाले सांगा, पन लहान पोराइच्या उन्हाळी शिबिराचं नाव माह्यासमोर काढू नका, हात जोडतो बाप्पा तुमच्या! तुम्ही म्हनान, काऊन गा शालीकराम, तू तं झाडीपट्टीच्या नाटकातला नावाजलेला कॉमेडी, दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरली का पोस्टरवर पयलं तुह्यं थोबाड राहते, आन तू इत्तुशा पोट्ट्याइले भ्याला? भ्यालो! कबूल! मोठ्या मानसाइचं सोपं हाये हो. मोठा मानूस तिकीट काढून येते, म्हंजे हासाचं घरूनच ठरवून येते, तुम्ही निस्तं घसरून पडा, तो पैसे वसूल करून घेते. लहान पोरगं तसं नाई. ते तुमच्याकडे पाहते. पाहतच राहते. आन त्यात त्याच्या तोंडाले मास्क! आता मास्कच्या आत काय चालू हाये, कोनाले दिसते?

तुम्हाले सांगतो, माहं सारं भांडवल म्हंजे हे तोंड. शेत नाई, दुकान नाई, तोंड! हे पाहा, ही भुवई वर गेली का दुसरी खाली येते, बोलवाव लागत नाई. हे नाक दोन्हीकडून फिरते. आन हे समोरचे दात... थांबा... हे असे काढून खिशात ठेवता येतात. दात काढून म्या निस्तं 'सासूबाई' म्हनलं का मंडपात लोक कुर्चीवरून खाली येतात. आन मी कसा ओळखतो, खेळ जमला का नाई? पयल्या रांगेतल्या लोकाइचे दात पाहून! दात दिसले का जमलं. ओठ मिटले का समजाचं, शालीकराम, आता धोतर सोडा, दुसरा उपाय नाई.

मंग आला कोरोना. मंडई बंद, नाटक बंद, तालीम बंद. घरात बसून बसून माह्या तोंडाले गंज चढला. बायको म्हने, "दिवसभर आरशासमोर तोंड वाकडं करता, तं जा, म्हशीले हासवा." मी गेलो. खोटं कायले बोलू, प्रयत्न केला. म्हैस उठून दुसऱ्या बाजूले तोंड करून बसली.

तं अशात एका उन्हाळ्यात, लाटा येऊन गेल्या होत्या, नाटकं अजून सुरू व्हाची होती, अशात आल्या आमच्या घरी रीता मॅडम. सौंदडच्या पलीकडच्या एका गावातल्या शाळेवर त्या मास्तरीन. उभ्या उभ्याच बोलल्या, "शालीकराम भाऊ, मुलं दोन वर्षं घरात होती. पहिली-दुसरीतली मुलं एकमेकांना ओळखत नाहीत. हसतच नाहीत हो. शिबिर घेतेय, तुम्ही हप्ताभर या, एक छोटं नाटक बसवा, त्यांना हसवा." माही छाती अशी फुगली! दोन वर्षानं कोनीतरी म्हनलं का हासवा! म्या म्हनलं, "मॅडम, उद्यापासून येतो. उद्या कायले, आत्ता येतो, चप्पल घालतो." तं म्हने, "फक्त एक अट आहे. मास्क."

"पोराइले?"

"सगळ्यांना. तुम्हालासुद्धा."

अजी म्हंजे कसं झालं, पोहनाऱ्याले बलावलं आन म्हनलं, पोहजा, पन पान्यात उतरू नका! म्या म्हनलं, "मॅडम, आता तं सरकारनंबी काढला म्हनतात मास्क." तं मॅडमनं असं पाह्यलं माह्याकडे... आन हळूच म्हनलं, "सरकारनं काढला असेल. गेल्या उन्हाळ्यात याच वर्गांमध्ये बाकं काढून खाटा लावल्या होत्या, भाऊ. मी होते तिथं ड्यूटीवर. मी नाही काढणार." म्या चप्पल घातली.

गेलो शिबिरात. मे महिन्यातलं ऊन, पत्र्याची शाळा, आन समोर ही येवढाली येवढाली पोरं, नाकापासून हनुवटीपर्यंत बांधलेली! आमच्याकडे धानाच्या मळनीत बैलाच्या तोंडाले मुसकं बांधतात, त्यानं धान खाऊ नये म्हून, तसे दिसत होते लेकरं. मास्क कोनाचे? बचत गटाच्या बायाइनं ब्लाऊजच्या उरलेल्या कपड्याचे शिवलेले. कोनाचा चांदन्याचा, कोनाचा जरीकाठाचा! आन माप? माप एकच. मोठ्या पोराचं नाक बाहेर, लहान्याचे डोळे आत. एक पोरगं तं भिताडाले जाऊन धडकलं, म्हने, "सर, लाइट गेली."

आन ते मास्क कुठं जागेवर राहतात हो! एकानं गळ्यात घातला, एकानं कपाळाले बांधला, एकीनं बाहुलीले झोका करून देला. दोघं आपसात बदलून राहिले, "तुह्यावाला जरीचा दे न, माह्यावाला फुलाचा घे." मॅडम तिकडून धावत येतात, "अरे नका, नका, मास्क बदलायचा नसतो!" पोट्टं म्हनते, "मॅडम, तुम्हीच तं म्हनलं, सब्बन वाटून घ्याचं!" हिमांशू नावाचं एक पोरगं होतं, वस्ताद! त्याचा मास्क म्हंजे पिशवी. रस्त्यानं तेंदूच्या झाडाखालची टेंभरं येचाचं, मास्कमधी भराचं, आन तोंडाले बांधून वर्गात येऊन बसाचं. दिवसभर आतल्या आत चालू. चेहरा एकदम शांत, अभ्यासू. फक्त मास्क हालून राहिला. मॅडम म्हनत, "हिमांशू किती लक्ष देऊन ऐकतो पाहा." लक्ष! मास्कच्या आत काय चालू हाये, कोनाले दिसते?

दुसऱ्या दिवशी गोंदियावरून एक शेठजी आले, वह्या वाटाले. फोटोवाला सोबत. पोराइले रांगेत उभं केलं, फोटोवाला म्हने, "चलो बच्चों, स्माइल प्लीज! थोडा और! हां, पीछेवाले, तुम भी हँसो!" म्या म्हनलं, "भाऊ, तुमको दिख रहा है क्या कौन हँस रहा है?" तं म्हने, "दिखने से क्या मतलब, बोलना तो पड़ता है."

बरं, तवा माह्यं काय झालं ते आयका. पयल्याच दिवशी मी उभा झालो आन काढला माहा हुकमाचा पत्ता. हळूच जिभेनं समोरचे दात सोडवले आन म्हनलं, "सासूबाई!"... पन वर मास्क! कोनाले दात गेलेले दिसन? आन खिशात ठेवाव तं मास्क खाली कराव लागन, मॅडम समोर उभ्या! दात आले मास्कमधी. मी बोलून राहिलो तसे ते इकडून तिकडे, तिकडून इकडे. हिमांशू जोरात ओरडला, "काका, तुमच्या मास्कात उंदीर हाये!" झालं! अर्धी पोरं किंचाळत बाहेर पळाली, अर्धी बाकावर चढली, दोघं उंदीर माराले झाडू घेऊन माह्या अंगावर आले! आता ही पोरं हासून राहिली होती का भेली होती? तुम्हीच सांगा! म्या डोळे पाह्यले. डोळे बारीक झालेले, कोपऱ्यात पानी. हासताना डोळे बारीक होतात. रडतानाबी होतात. म्या पोटं पाह्यली. पोट हालून राहिलं होतं. हासनाऱ्याचं पोट हालते. हुंदके देनाऱ्याचं हालत नाई का? इतकी वर्षं पब्लिक वाचलं मी, आन तिथं मी अडानी झालो हो, अंगठाछाप!

एक पोरगी मातर ना पळाली, ना बाकावर चढली. कोपऱ्यात बसली होती, तशीच बसून राहिली. नूतन तिचं नाव. दुसरीतली. बाकीच्याइचे मास्क फुलाचे, जरीचे. हिचा निळा, बाजारातला, मोठ्या मानसाचा. मोठा पडे म्हून कानामागं गाठी मारलेल्या. धुवून धुवून रंग उडालेला. ते पोरगी तो मास्क काढे नाई. कवाच नाई! खिचडी वाटली का साऱ्या पोराइचे मास्क खाली, मॅडमच म्हनत, जेवताना काढा. हे पोरगी भिताडाकडे तोंड कराची, खालून मास्क असा उचलाची, आत घास, आन मास्क खाली. पानीबी तसंच. मी एक दिवस बाजूले जाऊन बसलो, म्हनलं, "बाई वं, खिचडीत मीठ हाये का नाई ते तरी समजते का तुले?" तं मान हालवली. हो का नाई तेबी समजलं नाई.

म्या मॅडमले इचारलं. मॅडम मले बाहेर कडूनिंबाखाली घेऊन गेल्या. म्हनाल्या, "तिची आई दुसऱ्या लाटेत गेली, भाऊ. रीना. गोंदियाच्या दवाखान्यात नेलं, तिथंच गेली, तिकडंच सगळं उरकलं. घरी आणलंच नाही. या पोरीला अजून कुणी सांगितलेलं नाही. 'आई दवाखान्यात आहे, बरी होऊन येणार' असंच सांगतात सगळे. गाडीत बसताना आईनं हिला मास्क बांधला होता म्हणे, 'काढजो नको' म्हणाली होती. ती आई येण्याची वाट पाहते, म्हणून काढत नाही." आन मंग म्हनाल्या, "शेवटच्या दिवशी तरी तिला हसवा. एकदा तो मास्क काढू दे पोरीला. शिबिर त्याच्यासाठीच घेतलं म्हणा ना."

मले सांगा, हे सोपं काम हाये का? वर्षभराच्या वर झालं, आन साऱ्या गावानं मिळून त्या लेकराले फसवून ठेवलं! कोनात हिंमतच नाई सांगाची. बाप होता, दुधराम. इटियाडोह धरनाच्या पान्यावर धानाचं शेत, मेहनती मानूस, गावात कोनाशी वाकडं नाई. रोज पोरीले सायकलवर आने. पन तुम्हाले सांगतो, म्या त्याले पोरीकडे पाहताना पाह्यलंच नाई! उतरवे तिले, आन सायकलच्या हँडलशी बोले, "जाय, चांगली राहाजो." हँडल! जसं काई हँडलच दुसरीत शिकते! मले राग ये त्याचा. मी मनात म्हनो, काय बाप हाये का कोन हाये! फाटकाजवळच्या बाया मातर पोरीकडे पाहून पाहून हळहळत, "पाह्य वं बाई, थेट रीना! डोळे पाह्य, कपाळ पाह्य, थेट माय उतरली!" आन हे असं बोलनं सुरू झालं का दुधराम सायकल फिरवे आन निघून जाये. त्याच्याबी तोंडाले मास्क. मास्कच्या आत काय चालू हाये, कोनाले दिसते?

मंग बसवलं नाटक. वाघाचं लगन! नागझिऱ्याचा वाघ घोड्यावर... म्हंजे बंड्या नावाच्या पोरावर बसून लगनाले निघते, वऱ्हाडात सारं जंगल. मॅडमनं डोकं लढवलं, मास्कच रंगवून देले. वाघाचा मास्क, माकडाचा मास्क, डुकराचा मास्क. वाघ कोन? हिमांशू. डायलॉग असा का 'मी जंगलाचा राजा', आन आतून आवाज ये, 'मी दंगलाता लादा', कारन तोंडात टेंभरं! माकडानं डुकराचा मास्क घातला, डुक्कर रडे का मले माकड नाई कराचं. नूतननं आपला मास्क रंगवू देला नाई. हातानं असा दाबून धरला. मंग मॅडमनं तिले मोहाचं झाड केलं. झाडाले ना डायलॉग, ना हालनं. दोन्ही हातात फांद्या धरून नाटकभर उभं राहाचं.

आन मी वाघाची माय! आमच्या दंडारीत, म्हंजे गावच्या नाचगान्याच्या खेळात, पयलेपासून गड्यानंच बाई व्हाचं, मी तं मिसरूड फुटाच्या आधीपासून सासू होऊन राहिलो. आन दंडारीचा रिवाज असा का साडी-चोळी कोनी इकत आनत नाई, गावातूनच मागाची. कोनी साडी देते, कोनी बांगड्या, कोनी गळ्यातलं. मॅडमनं पोराइले सांगून देलं, "उद्या शालीक काकांसाठी घरून एक जुनी साडी आणा." मले वाटलं ढीग लागन. कायचा ढीग! माह्या घामाचं नाव सौंदडपर्यंत पोचलेलं. हिमांशूची माय म्हने, "मांगच्या मंडईत माही साडी नेली होती शालीकरामनं, वापस आली तं फडकंबी कराच्या लायक नोती!" शेवटच्या दिवशी सकाळी फक्त एक साडी आली. नूतननं आनली. पिशवीतून काढून माह्या हातात देली, हिरवी, पिवळ्या काठाची, जपून घडी घालून ठेवलेली. म्या कामाच्या घाईत, डुकराले शेपूट बांधून राहिलो होतो, म्या म्हनलं, "शाब्बास वं बाई!" आन खांद्यावर टाकली. इचारलंबी नाई. मूर्ख मानूस! तिच्या घरात दुसरी बाई नाई, आजी नाई, काकू नाई, तं साडी कोनाची असन? येवढं साधं डोक्यात आलं नाई माह्या.

शाळेच्या पटांगनात मांडव. सारं गाव जमलं, फाटकावर मॅडम उभ्या, मास्क असन तं आत, नाई तं घरी. मंडप गच्च भरलेला आन एकबी तोंड दिसत नाई, निस्ते डोळे! नाटक सुरू झालं. वाघ आला, टेंभरू गिळलं, बोलला. माकड डुकराशी भांडलं. लोकाइचे खांदे हालून राहिले. म्या म्हनलं, तापलं पब्लिक, आता जाव! आन आलो मी, डोक्यावरून पदर, तोंडाले मास्क, कंबर अशी हालवत, "अगं बाई बाई बाई, माह्या वाघाले कोनी पोरगी देता का पोरगी!"

सन्नाटा.

तुम्हाले सांगतो, इतकी वर्षं झाली धंद्यात, लोकाइनं मले शिव्या देल्या, चपला मारल्या, एका गावात जनरेटर बंद करून हाकललं, पन असा सन्नाटा म्या आयकला नाई! बायाइकडची बाजू तं अशी थिजली. कोनीतरी हळूच बोललं, "रीनाची साडी..." दुसरी बोलली, "मंडईतली वं. मंडईत नेसली होती." खेड्यात कोनाची साडी कोनती, हे बायाइले पाठ राहते हो! आन मले तवा उजेड पडला. अंगावर आग पडल्यासारखं झालं. गेलेल्या बाईची साडी नेसून मी तिच्या गावासमोर कंबर हालवून राहिलो होतो! आन पयल्या रांगेत, मधात, दुधराम.

म्या कुठं पाहाव? म्या बाजूले पाह्यलं. बाजूले मोहाचं झाड. आन झाड माह्याकडे पाहून राहिलं होतं. मंग झाड हाललं! झाडाले हालाचं नोतं, ते फांद्या घेऊन एक एक पाऊल माह्याजवळ आलं. म्या म्हनलं, मेलो! हे लेकरू मले माय समजलं! साडी तीच, पदर डोक्यावर, तोंड झाकलेलं. आता हे म्हनन, 'आई, आली का तू?' मंग मी काय करू? मास्क काढू तं आतून शालीकराम निघन, बिनदाताचा! नाई काढू तं फसवनूक! मॅडमनं तोंडाले पदर लावला. पोरीनं मले खाली वाकाचा इशारा केला. मी वाकलो. तं तिनं मास्क माह्या कानाले लावला आन म्हनलं...

"काका, घाम नका येऊ देऊ. आईची साडी हाये."

म्या हळूच म्हनलं, "मले मालूम नोतं वं बाई. आई आली का धुवून देईन मी."

"आई मेली न काका," म्हने. "बाबाले सांगू नका. त्याइले वाटते मले मालूम नाई."

आयकलं? साऱ्या गावानं मिळून त्या पोरीले फसवलं होतं न? ते पोरगी एकटी साऱ्या गावाले फसवून राहिली होती! म्या इचारलं, "मंग बाई, हा मास्क काऊन नाई काढत तू?"

"काढला का बाबा रडतात. मी आईसारखी दिसतो म्हनतात सब्बे."

आता बोला! रडू तं मले आलं, आन मी वाघाची माय, लगनाच्या घरात! आन मंग तिनं मले काम सांगितलं हो. येवढूशी पोरगी, पन ठेका देल्यासारखं बोलली, "काका, तुम्ही बाबाले हासवता का? ते हासले का मंग मी काढतो."

बस्स! मंग म्या काय केलं ते इचारू नका. पब्लिक मेलं माह्यासाठी! फक्त एक मानूस धरला नजरेत, दुधराम. त्याच्यासमोर पडलो, उठलो, वाघाले कडेवर घेतलं, वाघासकट पडलो. माकडाचं मुंडकं डुकराले लावलं. कोंबडीसारखा नाचलो, नवरी म्हून मॅडमले मागनी घातली. आन सारा वेळ साडीचा काठ असा वर धरलेला, माती लागू नये म्हून! मांडव हासाले लागला. पयले पोरं, मंग गडी, मंग बायाबी, डोळे पुसत पुसत हासाले लागल्या. मी त्याइच्याकडे पाह्यलं नाई. मी दुधरामकडे पाहून राहिलो. त्याचे खांदे हालले! म्या आनखी एक कोलांटी मारली. खांदे आनखी हालले, मान खाली गेली, पोट हालाले लागलं, डोळे बारीक, डोळ्यात पानी... आता हा मानूस हासून राहिला का रडून राहिला? देवा, एकदा तरी दिसू दे! पन मास्कच्या आत काय चालू हाये, कोनाले दिसते?

झाडानं इचारलं, "हासले का बाबा?"

म्या काय सांगाव? तुम्ही काय सांगितलं असतं? म्या म्हनलं, "हासले."

तिनं दोन्ही फांद्या माह्या हातात देल्या. कानामागच्या गाठी सोडवल्या. आन काढला मास्क.

चेहऱ्यावर मास्काचा पट्टा, वरचं कपाळ उन्हानं रापलेलं, खालचं तोंड गोरं, कोवळं. वरचे दोन दात पडलेले. पडले कवा ते कोनाले मालूम नोतं, कोनी पाह्यलंच नोतं न! ते स्टेजवरून उतरली आन बापासमोर जाऊन उभी झाली. आन दुधरामनं मान वर केली. तुम्हाले सांगतो, पयल्यांदा त्यानं हँडलकडे नाई, पोरीकडे पाह्यलं. पाहतच राह्यला. मंग आपला मास्क खाली ओढला, आन आत सारं ओलंचिंब होतं, नाक, मिशी, हनुवटी, सारं. पोरीनं आपला निळा मास्क घेतला आन त्याचं तोंड पुसाले लागली. अशी दाबून दाबून, जशी माय लेकराचं पुसते. तो "राहू दे वं, राहू दे" म्हने, तिनं नाकबी पुसलं. तवा त्याच्या तोंडावर काय होतं म्हनान? आता तं काईच झाकलं नोतं, मी समोर उभा होतो, तरीबी मले सांगता येत नाई. ओठ थरथरून राहिले होते, आन दातबी दिसून राहिले होते.

मास्क ओला झाला, घालासारखा राह्यला नाई. तिनं तो बापाच्या खिशात कोंबला. मंग वळली आन साऱ्या मांडवासमोर, त्या दोन दाताच्या खिंडीतून मले म्हनलं, "काका, तुम्हाले हासवता येत नाई!"

आन मांडव असा फुटला का काय सांगू! बाया एकमेकीच्या खांद्यावर पडून हासल्या, मॅडम हासल्या, वाघाच्या तोंडातून सारी टेंभरं बाहेर आली. असा हशा मले ना कोन्या मंडईत भेटला, ना पुढं भेटन. आजबी त्या गावात गेलो का लोक चहा पाजतात, म्हनतात, "शालीकराम, त्या दिवशी काय हासवलं गा तू! नाव काढलं!" मी चहा पितो. पितो आन गप राहतो. हशा तं त्या पोरीचा होता हो... म्या निस्ती तिच्या मायची साडी नेसली होती.